सेतुरामाचं परस्थान

सेतुराम भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावर त्याच्याइतका घाबरणारा माणूस शोधून सापडला नसता. कुत्र्याला तो भ्यायचा. तसे पुष्कळ भितात. हा कुत्र्याच्या मालकालाही भ्यायचा. पोस्टमनच्या हातात तार दिसली, मग ती कुणाचीही असो, हा दाराआड. घराला कुलूप लावून निघाला की कोपऱ्यावरून परत यायचा, कुलूप ओढून पाहायचा, आणि ओढण्यानं ते सैल तर झालं नसेल ना म्हणून पुन्हा एकदा यायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. सेतुरामापाठी निदान दोन-तीन असावेत.

घरात तो आणि त्याची आत्या गंगाबाई, दोघंच. तंजावरच्या दरबाराबरोबर आलेली ही माणसं. दरबार गेला, नोकऱ्या बदलल्या, पण घरात ती जुनी मराठी तशीच राहिली. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. लग्न सेतुरामानं केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

सत्त्याऐंशी साली तो मुकुंदरावांकडे टायपिस्ट म्हणून लागला. मुकुंदराव त्याच्याच समाजातले, मद्रासेत शिकून गावी परतलेले. पितळी समया विकणाऱ्या दुकानाच्या वर दोन खोल्या घेऊन त्यांनी इस्पितळांसाठी कंप्यूटरचे प्रोग्राम लिहायचं काम सुरू केलं होतं. खाली दिवसभर पितळेवर हातोडी चालायची आणि वर सी भाषा. पहिल्याच दिवशी त्यांनी सेतुरामाला बजावलं, "राहुकाळ, यमगंड, असल्या वाईट वेळा सगळ्या जिन्याखाली सोडून यायच्या. चपलांबरोबर. या दोन खोल्यांत पंचांग चालणार नाही." सेतुरामानं मान डोलावली. नाही म्हणायची त्याची छाती नव्हतीच.

प्रोग्राम वाढत वाढत तीनशे अठरा फाइलींचा झाला. त्या काळी त्या तीनशे अठरा एकेक करून यंत्राला द्याव्या लागत. यंत्र प्रत्येक फाइलीचा आपल्याला कळेल असा एक तुकडा करायचं आणि शेवटी सगळे तुकडे जोडले की प्रोग्राम तयार. लिहिणारे हुशार; त्यांना हे हमालकाम नको असायचं. ते आलं टायपिस्टाकडे. सेतुरामानं लांब वही केली, क्रमानं नावं लिहिली, आणि प्रत्येक नावापुढं पेन्सिलीनं खूण करत तो दोन-दोन दिवस बसायचा. खूण केली तरी भीती. फाइल दिली म्हणून खूण केली, की खूण केली म्हणून दिली असं वाटतंय?

आणि एकदा एक सुटलीच. एकोणनव्वद साली. मायावरमच्या एका दवाखान्यात रुग्णाच्या वयाच्या जागी खाटेचा नंबर छापून येऊ लागला. सात वर्षांच्या एका मुलीचं वय एकशे चार. सगळे पोट धरून हसले, दवाखानेवालेही हसले. सेतुराम मात्र तीन दिवस तापानं फणफणला.

म्हणून एक्याण्णव साली नवं यंत्र आलं आणि मुकुंदरावांनी 'मेक' नावाचा प्रोग्राम सगळ्यांना समजावून सांगितला, तेव्हा इतर जांभया देत होते आणि सेतुराम पुढं सरकून बसला होता. मुकुंदराव म्हणाले, कुठला तुकडा कशाकशापासून होतो, ते एकदा लिहून द्यायचं. मग हा प्रत्येक फाइलीवरची वेळ बघतो. मूळ फाइल तुकड्यापेक्षा नवी असली तर तुकडा पुन्हा करतो. तुकडाच नवा असला तर त्याला हात लावत नाही. मूळ फाइल जिच्या आधारावर उभी आहे ती दुसरी फाइल बदलली, तरी तुकडा पुन्हा करायचा. विसरणं नाही, वही नाही, पेन्सिल नाही.

"कळलं कुणाला?" मुकुंदरावांनी विचारलं.

"कळलं, सार," सेतुराम म्हणाला. "आमच्या आत्याची मडी हीच."

खोली हसली. मडी म्हणजे सोवळं. पण त्याचं खरं होतं. गंगाबाईंचं सोवळं कडक. उंच काठीवर वाळत घातलेल्या सोवळ्याच्या लुगड्याला ओवळा टॉवेल शिवला की लुगडं पुन्हा पाण्यात. आणि ते लुगडं आधी ज्याला शिवलं तेही पाण्यात. कोण कोणाला शिवतं, हे सेतुरामाला लहानपणापासून पाठ होतं. आठ महिने बसून त्यानं तीनशे अठरा फाइलींची शिवाशिव लिहून काढली. जे काम त्या खोलीतल्या पदवीधरांनी केलं नसतं, ते या माणसानं निव्वळ भीतीपोटी केलं. एका फाइलीतही चूक निघाली नाही. सगळं पहिल्यापासून करायला चार तास लागत. बदललेलं तेवढंच करायला अर्धा तास. मुकुंदरावांनी त्याचं टेबल खिडकीजवळ हलवलं आणि टायपिस्ट म्हणायचं सोडलं.

आता भिण्याचं कारण उरलं नाही, असं तुम्हाआम्हाला वाटेल. सेतुराम उलट जास्त भिऊ लागला. पूर्वी चूक झाली तर ती आपल्या पेन्सिलीची. आता हे यंत्र न बोलता काय करतं आणि काय सोडतं, कुणाला ठाऊक? यंत्र एकेक तुकडा करताना त्याचं नाव कागदावर छापत जाई. तो कागद सेतुराम घडी करून खिशात ठेवी आणि घरी कॉफी पिता पिता वाची. तयार प्रोग्रामची नवी टेप इस्पितळांकडे पाठवायला दर शुक्रवारी निघायची. शुक्रवारी सकाळी साडेदहा ते बारा राहुकाळ. मुकुंदराव साडेदहाला जिना चढत आणि खुर्चीत बसायच्या आत म्हणत, "करा सुरू."

राहुकाळात सुरू करायचं! इस्पितळाचं काम, माणसांच्या जिवाचं काम.  मुकुंदरावांना सांगायची सोय नाही. मग त्यानं घरचाच उपाय काढला.

आमच्या लोकांत परस्थान ठेवतात. प्रवासाला वाईट वेळी निघणं भाग असलं, तर आधीच चांगल्या वेळी आपली एखादी वस्तू, कपड्याचं गाठोडं म्हणा, शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग माणूस कधी का निघेना. मात्र वस्तू जाणाऱ्याचीच हवी, दुसऱ्याची चालत नाही. सेतुराम शुक्रवारी सव्वादहाला आपल्या खोलीत एकटा असे. आज बदलून जाणाऱ्या फाइलींपैकी एक निवडायची, तिचा तयार तुकडा पुसायचा, आणि तेवढा एक पुन्हा करायला लावायचा. झालं परस्थान. काम साडेदहाच्या आत सुरू झालं. मुकुंदराव आले की उरलेलं. एरवी बदललेल्या फाइली गुरुवारीच येऊन पडलेल्या असत, म्हणून यात वावगं काही झालं नाही. सतरा शुक्रवार हे असंच चाललं आणि कुणाला पत्ता नव्हता.

अठरावा शुक्रवार त्र्याण्णव सालच्या आडी महिन्यातला, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणातला. तिरुचीच्या लहान मुलांच्या एका इस्पितळासाठी नवा भाग जायचा होता. तान्ह्या बाळाचं वजन घातलं की सलाइनचे मिनिटाला किती थेंब सोडायचे, तो आकडा कागदावर छापून येई. तो कागद खाटेला लावायचा. त्या फाइलीचं नाव 'ड्रिप'. शनिवारी सकाळपासून वॉर्डात ते चालू होणार होतं. गुरुवारी तिथल्या डॉक्टरांनी आधी पाठवलेला नमुना पडताळून पाहिला तेव्हा दोन किलोच्या आतल्या बाळांचा आकडा दहापट येत होता. पाच थेंबांच्या जागी पन्नास. दशांशाचं टिंब चुकलं होतं. ती फाइल महालक्ष्मीची. कॉलेजातून नुकतीच आलेली, हुशार आणि मानी मुलगी. ती शुक्रवारी आठलाच येऊन पलीकडच्या खोलीतल्या यंत्रावर बसली.

सव्वादहा झाले. सेतुराम घड्याळाकडे बघत होता. दुरुस्त ड्रिप अजून आली नव्हती. पण आज जाणारा प्रवासी कोण? ड्रिपच. मग परस्थान तिचंच ठेवायला हवं. दहा वाजून वीस मिनिटांनी त्यानं ड्रिपचा तुकडा पुसला आणि आपल्या यंत्रावर होती त्या जुन्या फाइलीपासून पुन्हा केला. कागदावर नाव उमटलं. त्याला हायसं वाटलं.

महालक्ष्मीनं टिंब दुरुस्त करून फाइल ठेवली होती दहा वाजून दहा मिनिटांनी. पण ती मानी. पुन्हा चूक नको म्हणून अर्धा तास हातानं गणितं करून पाहत बसली. पावणेअकराला तिनं फ्लॉपी आणून दिली. सेतुरामानं फाइल उतरवून घेतली. उतरवली तरी फाइलीवर वेळ राहिली ती तिची मूळचीच, दहा वाजून दहा. मुकुंदराव मागं उभे होते. "करा सुरू." मेक सुरू झाला. त्यानं ड्रिपची फाइल पाहिली, दहा-दहाची. ड्रिपचा तुकडा पाहिला, दहा-वीसचा. तुकडा नवा आहे, हात लावायचं कारण नाही. तो पुढं गेला. त्यानं केलं ते त्याच्या नियमाला धरूनच होतं.

दीडच्या बसनं शिपाई मणी टेप घेऊन तिरुचीला गेला. सेतुराम साडेचारला घरी आला. खिशात कागदाच्या दोन घड्या, सकाळच्या परस्थानाची आणि नंतरची.

घरात गंगाबाईंची धांदल चालली होती. दुसऱ्या दिवशी मरुदानल्लूरला भजन होतं. शनिवारी नवाच्या पुढं राहुकाळ, म्हणून त्यांनी सकाळीच शेजारच्या अलमेलूकडे आपलं गाठोडं ठेवलं होतं.

"सेतु, अलमेलूकडनं तें गठडं आण कीं," त्या म्हणाल्या.

"परस्थान ठेविलेलं परत आणूं नये म्हणून तूंच सांगतेस, आत्या."

"अयो, काय करूं मग! दुपारीं डॉक्टरानं नवीं गोळ्या दिली. गठडं सकाळींच बांधलें. त्यांत जुनीं गोळ्याच गेलीं कीं रे. बाहेर ठेविलेलं गठडं होतं तसंच जातंय. मागनं आलेलं घरींच राहतंय."

सेतुरामाच्या हातातला कॉफीचा पितळी टंबलर खालच्या पसरट डबऱ्यात कलंडला. कॉफी धोतरावर सांडली, ती त्याला कळलीही नाही. त्यानं खिशातल्या घड्या काढल्या. पहिल्या कागदावर एकच नाव: ड्रिप. दुसऱ्या कागदावर अकरा नावं. त्यानं ती बोट ठेवून वाचली. पुन्हा वाचली. खालून वर वाचली. अकरांत ड्रिप नव्हती.

जुन्या गोळ्याच गेल्या.

 "काय झालं बा? तोंड असं कां?" आत्या विचारत होत्या. तो पायात चपला सरकवून बाहेर पडला. दाराला कडी घालून पाहिली नाही; आयुष्यात पहिल्यांदा.

तो मुकुंदरावांच्या घराकडे निघाला आणि पाय त्याला महामहम तळ्याकडे घेऊन गेले. भित्र्या माणसाचे पाय फार हुशार असतात. तळ्याला त्यानं एक फेरी घातली. मनात हिशेब चालला होता, कसं सांगायचं याचा नव्हे, कसं न सांगता भागवायचं याचा. गुपचूप नवी टेप करावी, सकाळची पहिली बस धरून स्वतः तिरुचीला जावं, तिथल्या माणसाला म्हणावं, ही घ्या, ही जास्त चांगली. पण कचेरीची किल्ली रात्री मुकुंदरावांकडे; सकाळी मणी ती आणून दार उघडी. मागितली की विचारणार, कशाला? मग सतरा शुक्रवार बाहेर येणार. ज्या खोलीत राहुकाळ जिन्याखाली ठेवायचा, तिथं याची नोकरी राहते कशाला? एकेचाळीस वर्षांच्या टायपिस्टाला दुसरं कोण विचारतो?

दुसऱ्या फेरीला त्याला एक काडी सापडली, बुडत्याला सापडते तशी. तिथं नर्स असेल. सिस्टर. रोज बाळांना सलाइन लावणारी बाई. मुठीएवढ्या बाळाला मिनिटाला पन्नास थेंब हे वाचून ती म्हणेलच, हे काय! ती बघेल. बघेलच की.

देवळाच्या बाजूच्या पायरीवर तो टेकला. थोडं बरं वाटलं. आणि मग त्याचं त्यालाच आठवलं: दुपारी बाराला यंत्रातून कागद निघाला, तेव्हा आपण तो पाहिला होता का? नव्हता पाहिला. घडी घालून खिशात टाकला, घरी वाचू म्हणून. का? यंत्रानं केलंय म्हणून. तीन-तीनदा कुलूप ओढणारा मी, गावातला सगळ्यात भित्रा माणूस, मी जर पाहिलं नाही, तर वीस बाळं सांभाळणारी ती बाई का पाहील?

तो उठला. त्याला रडू येत होतं आणि रस्त्यात रडायचीही लाज वाटत होती. पण या वेळी पाय सरळ गेले.

मुकुंदराव बनियनवर ओट्यावर पेपर वाचत बसले होते. सहाला दहा मिनिटं कमी असतील.

"सार, टेप चुकली," सेतुराम पायरीखालूनच म्हणाला. "ड्रिप जुनीच गेली."

"जुनी कशी जाईल? माझ्यासमोर केलंत."

"सार, मीं परस्थान ठेविलों."

मुकुंदरावांनी पेपर खाली घेतला. सेतुरामानं सांगितलं. सव्वादहा, राहुकाळ, जाणाऱ्याची वस्तू, दहा-दहा, दहा-वीस. सतरा शुक्रवारही सांगून टाकले. बोलताना तो पायरीवरच्या रांगोळीकडे पाहत होता. मुकुंदरावांना शिव्या द्यायला फुरसत मिळाली नाही. फाइलींच्या वेळा कानी पडल्या तेव्हाच त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते आत धावले आणि फोनवर बसले.

तिरुचीची लाइन लागेना. एकदा, दोनदा, दहादा. तबकडी फिरून परत येताना कुरकुर आवाज करी आणि सेतुराम तो मोजत दारात उभा होता. उंबरा ओलांडून आत यायचंही त्याला सुचलं नाही. सहा पंचवीसला इस्पितळाचा कंप्यूटरवाला स्वामीनाथ सापडला.

मुकुंदराव तमिळमध्ये म्हणाले, "स्वामीनाथ, आमची आजची टेप चढवू नका."

मग ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "केव्हा चढवली?"



टेप चारपासूनच चालू होती. उद्या सकाळी गडबड नको म्हणून सिस्टरनं आजच दोन-तीन बाळांचे कागद काढून पाहिले होते. "धावा," मुकुंदराव ओरडले. "दोन किलोच्या आतलं जे बाळ असेल त्याचा कागद फाडा. थेंब डॉक्टरांना विचारून लावा. धावा, फोन ठेवा आणि धावा!"

नंतरची वीस-पंचवीस मिनिटं मुकुंदराव फोनजवळून हलले नाहीत. मुकुंदरावांच्या बायकोनं दिवा लावला, कॉफी आणून ठेवली, ती तशीच निवली. सेतुराम उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला होता. मनातल्या मनात तो थेंब मोजत होता. मिनिटाला पन्नास म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक. घड्याळाचा लंबक हलला की एक. त्याला घड्याळाकडे पाहवेना आणि कान बंद होईनात. देवाला काय मागावं तेही कळेना, कारण देवाला दाखवायचं म्हणूनच तर हे सगळं झालं होतं.

सातला दहा कमी असताना फोन वाजला. मुकुंदरावांनी ऐकलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, "थांबवलं. बाळ ठीक आहे."

सेतुरामाचा जीव भांड्यात पडला. तिथंच ओट्यावर तो भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मुकुंदराव पाहत उभे राहिले. नोकरीवरून काढायला त्यांनी तोंड उघडलं असावं. पण निघालं भलतंच. "तुम्ही सांगायला आलात, सेतुराम," ते म्हणाले. "मी असतो तर आलो असतो की नाही, देव जाणे." देवाचं नाव त्यांनी घेतलं, हे त्यांच्या बायकोनंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं बरोबर टेप गेली. सतराही शुक्रवार तपासले, ते निर्दोष निघाले. महालक्ष्मी आठवडाभर सेतुरामाशी बोलली नाही. तिचं टिंब बरोबर होतं आणि तरी ते पोचलं नाही, याचा राग तिनं कुणावर काढायचा?

इथं गोष्ट संपली असती. पण पुढच्या शुक्रवारी टेपचा रिकामा डबा परत आला, आणि डब्यात स्वामीनाथनं बाळाच्या खाटेवरचा तो कागद घालून पाठवला होता. तुमच्या नोंदीसाठी असू द्या, म्हणून. सेतुरामानं तो उघडला. बाळाला नाव नव्हतं, आईचं होतं: राजम. वजन एक किलो नऊशे. थेंब पन्नास. आकड्यापुढं निळ्या बॉलपेननं बरोबरची खूण, सही आणि वेळ: सहा वाजून वीस. खाली तांबड्या शाईत काट आणि दुसरी वेळ: सहा पस्तीस.

म्हणजे लागलं होतं. थांबवलं, असं स्वामीनाथ म्हणाला होता. केव्हापासूनचं ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं. पंधरा मिनिटं ते पाणी त्या बाळाच्या अंगात जात होतं. आणि सहाच्या आधी आपण तळ्याला फेऱ्या घालत होतो. एका फेरीला दहा मिनिटं लागतात. दोन फेऱ्या.

सेतुरामानं कागद कुणाला दाखवला नाही. शनिवारी सकाळी सव्वानऊला तो तिरुचीच्या बसमध्ये बसला. भर राहुकाळ. गाठोडं कुठं ठेवलं नव्हतं, आत्याला सांगितलं नव्हतं, एकट्यानं तो जवळच्याच सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या पलीकडे कधी गेलाही नव्हता. सगळा रस्ता खिडकीची दांडी त्यानं सोडली नाही.

वॉर्डाच्या दारात त्यानं सिस्टरला कागद दाखवला. चाळिशीची, थकलेल्या डोळ्यांची बाई. तिनं कागद पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

"पोर आहे ना?" त्यानं विचारलं. एवढंच त्याला विचारता आलं.

"आहे. दोन दिवस धाप लागत होती. डॉक्टर उशाशी बसून होते. बुधवारी घरी गेलं." मग ती कागद परत देत म्हणाली, "मला आकडा मोठा वाटला होता, अय्या. हात थबकला होता माझा. तुम्ही हातानं लिहून दिलं असतंत, तर मी विचारलं असतं. पण हे यंत्रानं छापलेलं."

त्या दिवसानंतर शुक्रवारी टेप करताना सेतुराम आधी सगळे तुकडे पुसून टाकू लागला. तीनशे अठरा, पुढं वाढत सहाशे झाले. सगळं पाण्यात, आणि पहिल्यापासून. मेक जे वाचवायचा ते साडेतीन तास त्यानं शुक्रवारपुरते परत देऊन टाकले. शेवटी कागद निघाला की नावं तो तिथंच उभ्यानं वाची, मुकुंदराव येवोत की न येवोत. काम सुरू करायचं ते साडेदहाला, राहुकाळाच्या तोंडावर.  भित्रा तो भित्राच राहिला. कुलूप मरेपर्यंत तीनदा ओढलं.

नव्याण्णव साली त्यानं काम सोडलं तेव्हा यंत्रं कितीतरी वेगवान झाली होती आणि नवी मुलं वैतागत. बदलली एक फाइल, अंकल, आणि तुम्ही सहाशे कशाला करता? मेक बघतो ना! सेतुराम वाद घालत नसे. शर्टाच्या खिशातून घड्या पडून फाटत आलेला एक कागद काढून तो टेबलावर ठेवी आणि निळ्या आणि तांबड्या वेळांवर बोट ठेवी.

"हीं पंधरा मिनिटं," तो म्हणे, "मेकच बघत होता."